मागच्या रांगेतला सा

अमरावतीत आमच्या वृंदगानाच्या तालमीला भातकुलीहून एक बाई यायच्या. बाजारात भाजी विकून थेट येत, म्हणून हातांना कोथिंबिरीचा वास असे. वर्षभर सोबत गायले, पण त्यांचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आमचं गाणं एका शास्त्रज्ञ मुलीचं होतं. कमी पाण्यात तगणारं बियाणं शोधण्यात ती उमेदीची वर्षं घालवते आणि थोरली बहीण लग्न न करता घरची शेती सांभाळते. शास्त्रज्ञ मी गायचे. बहिणीला एकही ओळ नव्हती. मागच्या रांगेत उभ्या बाईंकडे फक्त षड्ज होता. एक हात पोटावर ठेवून त्या शेवटपर्यंत सा धरायच्या.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"तुमी वर जाऊन राहिल्या ना, ताई. मंग खाली कोनी उभं पाह्यजे."

मी हसण्यावारी नेलं.

एकदा दुपारच्या कार्यक्रमात, गाण्यात बियाणं उगवतं त्या जागी मी वरच्या सुराकडे निघाले आणि वीज गेली. माइक बंद, तानपुऱ्याचं यंत्रही बंद. माझा सूर सुटला. तेवढ्यात मागून तो सा ऐकू आला, भरलेला, जराही न हलणारा. त्यावर पाय रोवून मी चढले आणि माझ्या मागोमाग तीस गळे चढले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मी सूर सावकाश खाली आणला, बाईंच्या 'सा'वर येऊन टेकले. तेव्हा कुठे बाईंनी पोटावरचा हात काढला.