डिझेलचा कौल

बाबूशेटच्या टेम्पोवर सत्यवान अठरा वर्षं ड्रायव्हर. तोंडवलीच्या किनाऱ्यावर मासळी भरायची नि कुडाळच्या बाजारात उतरायची, यातच उमर गेली. कंबर कामातून गेली, अंगाचा वास साबणाला दाद देईना; पण नावाला कधी डाग लागला नव्हता.

२००३ साली टेम्पो दोनदा वाळूत रुतला. बाबूशेटने कुठूनशी मोठ्या गाडीची जुनी टायरं आणून मागच्या चाकांना चढवली. हौसेला मोल नसतं. टेम्पो रुतायचा थांबला, पण चढावर रडायला लागला. जिथे तिसऱ्या गिअरवर सहज निघायचा, तिथे दुसऱ्यावरही धापा टाकू लागला. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली.

"डिझेल खंय जाता रे?" बाबूशेटने विचारलं. टायरांवर त्याचा संशय गेला नाही, कारण ती त्याने स्वतः आणली होती.

गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सत्यवान निर्दोष, डावी पडली तर चोर. डावी पडली. दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप आलं. किनाऱ्यावर सत्यवान दिसला की बायका बोलायच्या थांबत. त्याची बायको सुगंधा मुकाट जेवण वाढायची, विचारायची काहीच नाही. तेच त्याला जास्त लागलं.

कुलूप लावूनही डिझेल तेवढंच जात होतं. हे कोणी ध्यानात घेतलं नाही.

दोन महिन्यांनी सत्यवान वैतागून म्हणाला, "शेट, आज बाजूक बसा. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजा. मीटर मी बघतंय."

वीस दगड सरले, मीटर अठरावरच. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं आणि मीटर बिचारं फेरेच मोजतं. त्यात चढावर इंजिनाला जादा जोर, म्हणजे तेलही जादा. टेम्पो धावत होता जास्त आणि सांगत होता कमी.

बाबूशेटने आणखी दोन दगड मोजून पाहिले. मग म्हणाला, "माजा चुकला रे. उद्याच टायर बदलूया." त्याने हळूच विचारलं, "पण गावाक काय सांगू? देव चुकलो म्हणान?"

सत्यवानने गाडी कडेला घेतली. थोरल्या मुलीच्या आजारपणात तो याच देवाला नवस बोलला होता, आणि मुलगी वाचली होती. त्याला रडू आलं. इतका तो दमला होता.

"नको शेट," तो म्हणाला. "देवाक कित्याक मधी ओढतास? माकाच चोर ऱ्हवांदे."