सातवं कलम आणि ऑर्व्हिल टिडमोर

ऑर्व्हिल टिडमोरने तीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात एकच काम केलं. सोललेल्या कोंबड्या आकड्याला लटकून त्याच्यासमोरून जायच्या, आणि जिच्यावर डाग, गाठ किंवा मोडका पंख दिसेल ती तो ओढून पिंपात टाकायचा. निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला घड्याळ दिलं आणि आमच्या चर्चच्या मंडळीने त्याला डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, केलं. माझ्या मते त्याचं काम तेच राहिलं, फक्त आकड्याला आता माणसं होती.

मी जोनेल. केन फोर्क गावच्या आमच्या चर्चमध्ये बावीस वर्षं कारकून आहे. रविवारच्या उपासनेचा कागद मीच टाइप करते. त्या कागदाच्या मागच्या बाजूला आमच्या विश्वासाची नऊ कलमं छापलेली असतात. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एकही चूक नाही. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू कुमारीच्या पोटी जन्मला, आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला. पाचव्या कलमात असं आहे की तारण निव्वळ देवाच्या कृपेने, विश्वासाने मिळतं, माणसाच्या कर्तबगारीने नाही. सातव्यात बाप्तिस्मा: विश्वास ठेवणाऱ्याचाच, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. त्याशिवाय सभासद होता येत नाही, शिकवता येत नाही. नवव्यात न्यायाचा दिवस, स्वर्ग आणि नरक, दोन्ही कायमचे.

हे सगळं मीही मानते. कलमांशी माझं भांडण नाही. पण ऑर्व्हिल पाचवं कलम गाडी चुकेल अशा घाईने म्हणायचा, आणि सातव्याला येऊन सावलीत बसल्यासारखा बसायचा.

नव्या सभासदांची मुलाखत तोच घ्यायचा. एकदा लॅमर नावाचा ट्रकवाला आला होता. दणकट माणूस, पण टोपी हातात चुरगाळत बसलेला. सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी बोलता बोलता म्हणाला की त्याची आई कॅथलिक होती, म्हणजे बाप्तिस्मा बाळपणीच, डोक्यावर पाणी ओतून झालेला, आणि मागच्याच वर्षी गेली.

ऑर्व्हिलने विचारलं, "मग ती आज कुठे आहे?"

"फार चांगली होती हो ती."

"चांगली होती का, ते मी विचारलं नाही. कुठे आहे, ते विचारलं."

लॅमरने टोपी डोक्यावर घातली आणि उठून गेला. ऑर्व्हिल माझ्या टेबलापाशी आला आणि समाधानाने म्हणाला, "बरं झालं, आधीच कळलं." जणू डागाची कोंबडीच सापडली होती.

दोन हजार तेरा साली आमच्या मंडळीला पंच्याहत्तर वर्षं झाली. इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलं आणि ती लिहायचं काम ऑर्व्हिलने मागून घेतलं. तळघरातून जुन्या वह्यांचं खोकं काढून त्याला मीच दिलं. दिलं नसतं तर हे सगळं झालंच नसतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे.

तीन दिवसांनी तो वही छातीशी धरून आला. एकोणीसशे पंचावन्नचा मार्च. लुडीन स्कॉगिन्स, वय पंचवीस, मेथॉडिस्ट मंडळीतून आलेली, लहानपणी पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेला. हात मिळवून सभासद करून घेतली. आणि पुढे, वेगळ्या शाईत: "बाप्तिस्मा, ओढ्याचा पूर उतरल्यावर."

"पुढे काहीच नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "मी सगळ्या वह्या पाहिल्या."

"अरे, राहून गेलं असेल लिहायचं."

"किंवा करायचंच राहून गेलं असेल."

लुडीनबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. सत्तावन्न वर्षं आमच्या लहान मुलांचा वर्ग त्यांच्याकडे. गावात पन्नाशी-साठीचा कुणीही माणूस घ्या, त्याला प्रभूची पहिली प्रार्थना लुडीनबाईंनी शिकवलेली. नवरा गेलेला, फुप्फुसं खराब, नाकात प्राणवायूची नळी आणि मागे चाकांवरची बाटली. ती बाटली घेऊनच वर्गात यायच्या. मुलं तिला कुत्र्यासारखं नाव ठेवून थोपटायची.

ऑर्व्हिल मला साक्षीदार म्हणून त्यांच्या घरी घेऊन गेला. बाईंनी आम्हाला पीचचं सारण भरून भाजलेली पाय वाढली, थंड गोड चहा दिला. त्याने ताटलीला हात लावला नाही. मी खाल्ली. बाईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि त्यांना हसू आलं.

"खरंच की रे. पाणी फार चढलं होतं त्या वर्षी. पाळक म्हणाले, मे महिन्यात करू. मे महिन्यात तेच दुसऱ्या गावी गेले. मला वाटलं, नवे आले की बोलावतील. कुणी बोलावलं नाही. मग पोरं झाली. मग विचारायची लाज वाटायला लागली, आणि मग विसरूनच गेले."

"बाई, हे विसरायची गोष्ट नाही."

"नाही, बरोबर आहे तुझं. चुकलंच माझं. करा आता."

"म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरावं लागेल."

"डॉक्टर मला साध्या अंघोळीलाही स्टुलावर बसवतात, ऑर्व्हिल. पाण्याखाली गेले तर मी वर येणार नाही."

"दोन माणसं धरतील. दोन सेकंदांचं काम."

"ते दोन सेकंद तुझ्या घड्याळात रे. माझ्या छातीत फार लांब आहेत." मग त्या म्हणाल्या, "बादलीभर पाणी ओता ना माझ्या डोक्यावर. दोन ओता. सगळ्या मंडळीसमोर भिजत बसेन."

"ओतणं म्हणजे बुडवणं नव्हे."

हे तो त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच खुर्चीवर बसून बोलला. मी तिथे काय केलं? माझी रिकामी ताटली धुऊन ठेवली.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मंडळीची सभा भरली. आमचे पाळक ब्रदर केंडल, वय तेहतीस, केस नेहमी ओले केल्यासारखे. त्यांना लुडीनबाईही हव्या होत्या आणि ऑर्व्हिलही हवा होता, म्हणून ते वीस मिनिटं बोलले आणि काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आपण प्रेमाने विचार करू या." आमच्याकडे पाळक असं म्हणाला की कुणाचा तरी गळा कापला जाणार हे ठरलेलं.

ऑर्व्हिल उठला. "बाईंवर माझा काही राग नाही. पण आज सातवं कलम सोडलं, उद्या नववं सोडाल. मग नरकसुद्धा ऐच्छिक ठेवाल."

पुरुष माना हलवायला लागले. लुडीनबाई बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"माझं तारण कशाने झालं, सांगाल मला? पाचव्या कलमात काय आहे? की कागदाची तेवढी ओळ पुसट छापलीये? मी पाण्याला नाही म्हणत नाही. बुडून मरायला नाही म्हणते. ऑर्व्हिल, अरे, तू माझ्या वर्गात होतास. तुझी चड्डी ओली झाली की वाळत घालायचे मी. तेव्हा तू मला विचारलं नाहीस, बाई, तुम्ही नियमात बसता का म्हणून."

चारदोन माणसं हसली. ऑर्व्हिलचे कान लाल झाले. त्याने मतदान मागितलं.

बाईंना वर्ग सोडायला लावावा आणि सभासदांतून नाव काढावं, या बाजूने एकतीस हात वर झाले. विरोधात बारा. ज्यांची नाकं बाईंनी पुसली होती त्यातले निम्मे त्या एकतीसात होते, छताकडे बघत हात वर करून. आणि मी? मी सभेचा वृत्तांत लिहीत होते. लिहिणाऱ्याने मत द्यायचं नाही असा नियम आहे म्हणून मी दिलं नाही. तसा नियम कुठेही लिहिलेला नाही. तो मी त्या क्षणी बनवला.

लुडीनबाई आपली बाटली ओढत बाहेर गेल्या. पुढच्या रविवारपासून रस्त्यापलीकडच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागल्या.

मुलांचा वर्ग ऑर्व्हिलने घेतला. पाच-सहा वर्षांच्या पोरांना त्याने खेळायच्या चिकणमातीऐवजी कलमं दिली. तिसऱ्या रविवारी नववं कलम आलं. त्याने फळ्यावर एक रेघ ओढली आणि विचारलं, "आत्ता छत कोसळलं तर तुमच्यातले किती जण रेघेच्या या, स्वर्गाच्या बाजूला?" एक पोर ओकलं. दोघी बहिणींनी त्या आठवड्यात घराच्या छताखाली झोपायला नकार दिला, अंगणात तंबू मागितला. सप्टेंबर संपेपर्यंत वर्गात चार मुलं राहिली, त्यातली दोन त्याच्याच नात्यातली.

"काळच असा आला आहे," तो मला म्हणाला. "लोकांना खरं ऐकायचं नसतं."

"ओकतात ते खरं ऐकून नव्हे," मी म्हटलं. पण तेव्हा तो दारातून बाहेर पडलेला होता, आणि मी हळूच म्हटलं होतं.

ऑक्टोबरमध्ये पंच्याहत्तरीचं जेवण झालं. अंगणात लांब टेबलं, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. ऑर्व्हिल टेबलाच्या टोकाला बसून, आपण सातव्या वर्षी प्रभूला कसे शरण गेलो ते सांगत होता. हे त्याने आम्हाला अनेकदा सांगितलेलं होतं. त्याची बायको नेल्डा शेजारी होती. नेल्डा एका कानाने बहिरी आहे आणि चाळीस वर्षं तोच कान नवऱ्याकडे करून बसते. त्या दिवशी चुकून दुसरा होता.

"पण ती प्रार्थना तुझ्याकडून कुणी म्हणवून घेतली रे?" तिने कोंबडीचं हाड बाजूला ठेवत विचारलं.

"म्हणजे?"

"चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर. लुडीननेच ना? मग तिला शिकवायचा अधिकारच नव्हता, तर तुझं काय झालं?"

तिने खोचकपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. ऑर्व्हिल उत्तर द्यायला तोंड उघडून बसला आणि पुडिंगवर माशी बसली तरी त्याने हाकलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो पाळकांच्या खोलीत होता. माझं टेबल दाराबाहेरच असतं.

"अर्थातच तुमची ती प्रार्थना ग्राह्य आहे, ब्रदर ऑर्व्हिल," केंडल सांगत होते. "तारण देव देतो, शिकवणारा नव्हे."

"पण तिने शब्द चुकीचे सांगितले असतील तर?"

"देव शब्द मोजत नाही."

"मग आपण कशाला मोजतो?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि मला वाटलं, आता याला कळलं! पण छे. कळलं ते एवढंच की आपण धोक्यात आहोत. तो आठवडाभर रोज यायला लागला. शेवटी केंडल कंटाळले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्याचा नव्याने बाप्तिस्मा करायचं ठरलं.

वेदीमागे आमची टाकी आहे, समोरून काचेची. बासष्ट वर्षांचा ऑर्व्हिल पांढऱ्या झग्यात पाण्यात उतरला. केंडलने त्याला मागे झुकवलं. आता तो अंगाने जड, आणि पाण्याला घाबरणारा. त्याने उजव्या हाताने कठडा घट्ट धरला आणि तसाच खाली गेला. वर आला तो फुरफुरत.

"हात," तो म्हणाला. माइक चालू होता. "हात कोरडा राहिला."

"काही हरकत नाही, ब्रदर."

"पूर्ण असं लिहिलंय. पुन्हा."

केंडलने पुन्हा बुडवला. या वेळी हात गेला, पण पाय वर आले. काचेतून दोन पांढरीफटक पावलं मंडळीकडे तोंड करून उभी राहिली. पुढच्या बाकावरचं एक पोर ओरडलं, "पाय राहिले! पाय राहिले!" आणि सगळं चर्च हसायला लागलं, ते एकतीसजण सगळ्यात मोठ्याने. तिसऱ्यांदा केंडलने त्याला जवळजवळ दाबूनच धरला. मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले आणि मला त्याची अजून खंत नाही.

त्याच दुपारी मी लुडीनबाईंकडे गेले. त्या अंथरुणावरच होत्या. मी सगळं साभिनय सांगितलं, पायांसकट. त्या हसल्या नाहीत.

"त्या दिवशी पायऱ्यांवर तो रडत होता," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "बापाने सांगितलं होतं, झोपेत मेलास तर थेट आगीत जाशील. तीन रात्री पोर झोपलं नव्हतं. मी म्हटलं, बाळा, येशूने तुला धरलंय, तो सोडत नाही. तेवढंच सांगायचं होतं मला. बहुतेक त्याला ऐकूच गेलं नाही."

बाईंचं मन मोठं. माझं नाही. भेदरलेली पोरं पुष्कळ असतात, मोठी होऊन सगळीच दुसऱ्यांच्या पोरांना ओकायला लावत नाहीत. मी त्यांना हे म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू हात वर केला नव्हतास ना, जोनेल?" मी म्हटलं, नाही. "विरोधातही नाही," त्या म्हणाल्या. आणि पाणी मागितलं.

मार्चमध्ये लुडीनबाई गेल्या. मेथॉडिस्टांनी त्यांना पुरलं, आणि आमच्या मंडळीतले एकतीसपैकी बरेचजण डोळे पुसत आले, भांडी भरभरून जेवण घेऊन. ऑर्व्हिलही आला. कबरीपाशी माझ्या जवळ सरकून त्याने विचारलं, "शेवटी तरी झाला का गं त्यांचा बाप्तिस्मा? दवाखान्यात? कुणी केला असेल तर सांग. मला झोप येत नाही."

"नाही झाला," मी म्हटलं. "आणि त्या छान झोपल्या."

पुढच्या वर्षी ब्रदर केंडल मोठ्या शहरात मोठ्या चर्चला गेले. लहान मुलांचा वर्ग बंद पडला. ऑर्व्हिल आता महामार्गाकडेच्या नव्या चर्चला जातो. नदीवर बाप्तिस्मा देतात तिथे, वाहत्या पाण्यात. तिथे त्याने आणखी एकदा करून घेतला असं नेल्डा सांगते. ती स्वतः आमच्याकडेच येते, एकटी, आणि दोन्ही कानांनी नीट ऐकल्यासारखी दिसते.

गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात रांगेत तो माझ्यामागे उभा होता. वाळला होता बराच.

"जोनेल," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझी तरी खात्री आहे ना? अगदी पक्की?"

"माझा नंबर आला, ऑर्व्हिल," मी म्हटलं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले.