दोन चिमट्यांची पिशवी

आमच्या गॅलरीतल्या दोरीवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या रोजच वाळत असतात. आज त्यांच्यात एक नवखी पिशवी दिसली, जराशी धुरकट.

ही आमच्या लेकीच्या प्रयोगशाळेतली. तिथे प्लास्टिकमध्ये मातीचे इतके सूक्ष्म कण मिसळतात, की हवेला आत शिरायला सहजासहजी वाट सापडत नाही. आतलं खाणं लवकर खवट होत नाही म्हणे. सुट्टी संपवून परत जाताना तिने त्या पिशवीत शेंगदाणे भरून दिले होते. ते किती टिकतात हे काही कळलं नाही, कारण आम्ही दोघांनी ते लगेच फस्त केले.

पिशवी धुऊन वाळत घातल्याचं ऐकून मघाशी फोनवर लेक हसत होती. "आई, ती वापरून टाकायची असते गं!"

"एवढं डोकं घातलंस त्यात. टाकू कशी?" हिने विचारलं.

मला वाटलं, कुणीतरी परत यायचं असतं, म्हणूनच तर माणूस खाणं टिकवायला शिकला असेल.

वारा सुटला. दुधाच्या पिशव्या फडफडू लागल्या. त्यांना एकेकच चिमटा होता. लेकीच्या पिशवीला हिने दोन लावले होते.