काकाचं उलटं स्वस्तिक

माझ्या बापाला स्वस्तिकाचा अर्थ तोंडपाठ होता. आल्यागेल्याला खुर्चीत बसवून तो सांगायचा: सु म्हणजे चांगलं, अस्ति म्हणजे असणं, सगळ्यांचं भलं असो. चार भुजा म्हणजे चार दिशा, हवं तर धर्म, अर्थ, काम, मोक्ष म्हणा. मधला बिंदू स्थिर आणि बाकी सगळं त्याच्याभोवती उजवीकडे वळणारं, सूर्यासारखं. जन्म मास्तरकीत गेलेला, त्यामुळे ऐकणाऱ्याची सुटका नसे. आणि हे भलं चिंतणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला पाय ठेवायची बंदी होती.

काका पितळेचे ठसे कोरायचा. साबणाच्या वडीवरचं नाव, वहीच्या पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं, असलं काहीबाही. ठसा उलटा कोरला तरच छाप सुलटी उठते. म्हणून पातळ कागदावर चित्र सुलटं काढायचं, कागद पालथा घालायचा आणि मागून दिसेल तसं गिरवून कोरायचं. तीस वर्षं हेच. पेपर आरशात धरला तर हा जास्त भरभर वाचेल, असं आजी म्हणायची. गल्लीत त्याला उलटेराव म्हणत आणि तोही खुशाल ओ द्यायचा. बापाला मात्र त्या नावाची लाज वाटायची. शाळेतली माणसं घरी यायची असली की तो आजीला सांगायचा, "त्याला आज येऊ नको म्हणावं. नखांत भुगा असतो त्याच्या."

नवीन घर झालं तेव्हा आजीनेच हट्ट धरला. "दारावर धाकट्याच्या हातचं काहीतरी हवं. नाहीतर मी जिना चढायची नाही." बाप नाइलाजाने हो म्हणाला. काकाने चांगल्या लाकडाची फळी आणली आणि महिनाभर, काम सुटलं की तीच घेऊन बसला. एक स्वस्तिक, चार टिंबं, बस्स. स्वतः स्टुलावर चढून त्याने ती ठोकली. मग खाली उतरून हात पुसत नुसता बघत राहिला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी समोरचा कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, हे डावीकडे वळतंय."

झालं होतं ते इतकंच, की काकाने सवयीने कागद पालथा घातला होता. त्याच्या डोळ्यांना ते उलटं दिसलंही नाही. फळीवर एखादं अक्षर असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी हसलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"मुद्दाम केलंस," बाप म्हणाला. "माझ्या घराचं वाटोळं व्हावं म्हणून."

"दादा, हात सवयीने गेला. दुसरी करून देतो."

"तुझ्या हातचं काही नको. पुन्हा या दारात दिसू नकोस."

डाव्या वळणाचं स्वस्तिकही काही लोक पूजतात, हे बापाला चांगलं ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्याचा अर्थ सांगितला नाही.

फळी माळ्यावर गेली, पण खापर तिच्यावरच फुटत राहिलं. बाप न्हाणीघरात घसरला, फळीमुळे. माझं गणित राहिलं तेही फळीमुळे; अभ्यास न केल्याचं श्रेय मला मिळालंच नाही. आजीचे गुडघे गेलेले, तिला जिना उतरवत नव्हता. काका रोज कामावरून येताना गॅलरीखाली थांबायचा. ती वरून विचारायची, "जेवलास का?" तो खालून मान हलवायचा. मायलेकांची भेट ती एवढीच, सहा वर्षं.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा काका जिना चढून आला. बाप दारात आडवा उभा राहिला. "झोपलीय ती. उद्या बघू." ती जागी होती, मी तिचा हात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, याची चीड मला बापाच्या रागाइतकीच येते.

परवा माळा आवरताना ती फळी हाती लागली. दाराला रंग देऊन उरलेला डबा कोपऱ्यात होताच. फळीला रंग फासला आणि दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर जोर लावून दाबली. स्वस्तिक उठलं, उजवीकडे वळलेलं, नेमकं. मी बापाला हाक मारली.

तो बराच वेळ बघत होता. "म्हणजे..."

"ठसा आहे हा, बाबा. काकाला दुसरं काही येतच नव्हतं."

बापाने पायांत चपला सरकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या कारखान्याकडे निघाला. मी मागोमाग गेले. एवढीशी खोली, एक टेबल, डोळ्याला भिंग लावून वाकलेला काका.

"चल घरी," बाप दारातूनच म्हणाला. "माझं चुकलं. छाप सुलटी उठली."

काकाने ठशावरचा भुगा फुंकला. "घरी कोण आहे?"

"आम्ही आहोत की सगळे."

"आई नाही." त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "दारात उभा राहू नकोस, दादा. उजेड अडतो."