तीनदा दाबायची खोड

सायखेड्याची प्रतिभा चार वर्षं घरच्या पिकअपमधून झेंडू नाशिकच्या बाजारात नेते. पिकअपचा ब्रेक एका दाबात लागत नाही. दोन-तीनदा भराभर दाबला की पेडल घट्ट होतं. तिचा नवरा राज याला गाडीचा स्वभाव म्हणतो. बायकोचा स्वभाव त्याला एवढा कळला असता तरी पुष्कळ होतं. प्रतिभाला मात्र आपल्या पायाचा अभिमान होता. ती गाडी तिच्याइतकी कुणालाच थांबवता येत नव्हती.

जड वाहनाचा परवाना मिळाल्यावर तिला एका कारखान्याच्या बसवर नोकरी हवी होती. परीक्षा घ्यायला जुने चालक गोटीराम शेजारी बसले. बस रिकामी होती. चांदवडपुढचा राहूड घाट नीट उतरला तर नोकरी, नाहीतर झेंडू आहेच.

उतार लागला आणि तिच्या पायाने जुनं काम सुरू केलं. दाब, सोड, दाब, सोड. दर वेळी फुस्स करून हवा सुटत होती. हवेचा काटा खाली आला, बझर कोकलू लागला. तिने बस कडेला घेतली, तोवर बसने स्वतःच चाकं आवळली आणि गचका देऊन ती उभी राहिली.

"गेली नोकरी," म्हणत प्रतिभा रडायलाच लागली.

"रडू नको पोरी," गोटीराम म्हणाले. "तेलाच्या ब्रेकात तुझ्या पायाचा जोर तेलातनं चाकाला जातो. हितं पाय नुसती झडप उघडतो, जोर टाकीतल्या हवेचा. सारखं दाबून टाकी तूच रिकामी केली."

"मग थांबली कशी?"

"मागच्या चाकांना स्प्रिंगा हायेत. हवा त्यांना दाबून धरती. हवा गेली की स्प्रिंग सुटती अन् ब्रेक आपसूक लागतो. तेल गेलं तर तसं नाय. पेडल तळाला जातं, गाडी निघाली."

इंजिन चालू ठेवून दोघं टाकी भरायची वाट पाहत बसले.

"ही खोड लागली कुठनं?"

तिने पिकअपचं सांगितलं. अधूनमधून ब्रेकचं तेलही घालावं लागतं, म्हणाली.

"मग घातलेलं तेल जातं कुठं?"

"गळत असणार कुठंतरी," ती म्हणाली.

उरलेला घाट तिने खालच्या गियरमध्ये, पाय आवरत उतरला. गोटीरामांनी सोमवारी पुन्हा यायला सांगितलं. ते तिने धड ऐकलंही नाही, फोन कानाला होता.

"अहो, आज पिकअप काढू नका."

"निघालोच की. फुलं भरली, आईपण बसलीय."

"आईंना उतरवा," ती ओरडली. "आधी उतरवा, मग विचारा."