आमच्या थोरल्या साडूंचं नाक

यवतमाळ जिल्ह्यातील समस्त लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आर्णीचे आमचे थोरले साडू यांचे नाक बंद पडले आहे. आर्णीपासून मारेगावापर्यंत एवढं गर्विष्ठ नाक दुसरं झालं नाही. लोक जेवायला जातात. साडू तपासणीला यायचे. मी एकदा हौसेनं भरीत-भाकरीचं जेवण ठेवलं, तर पातेल्यावर वाकून त्यांनी भर पंगतीत निकाल दिला, "गॅसवर भाजले वांगे. तुरीच्या तुऱ्हाट्या नाही भेटल्या काय जाळाले?" बाजारात आंब्याचा अख्खा ढीग ते एकेक करून हुंगत. शेवटी आंबेवाली म्हणाली, "काका, वासानंच पोट भरलं असंल तर सरका बाजूले!"

मग करोनाचा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी नाकाची शाळा सुरू करायला सांगितली: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, चार बाटल्या, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. दुसरा माणूस हे गुपचूप करील. साडूंनी ओसरीवर खुर्ची मांडली. डोळे मिटून ते असा श्वास ओढत की येणारेजाणारे थांबत. महिनाभरात त्यांनी जाहीर करून टाकलं, "आला वास! पहिल्यापेक्षा तेज आला." मला कुठला धीर? मी गुलाबाची बाटली स्वच्छ धुतली, साध्या पाण्यात भिजवलेला कापूस आत टाकला आणि त्यांच्या हातात दिली. साडूंनी हुंगलं, मान डोलावली. "गुलाब. गावरान आहे. पहाटी तोडलेला."

मी हसू दाबत आत पळालो, तर मेव्हणी दारातच उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. "जवाईबापू, बोलू नका काही," ती हळूच म्हणाली. "काल यायच्या समोर दूध करपलं, पेपर वाचत बसले होते. मले समजते न. पण पोरगी येऊन राह्यली बाळाले घेऊन. तिच्यासमोर नका हो हसू करू त्यायचं."

लेक आली, बारसं झालं. न्हाऊमाखू घालून, ओव्याची धुरी देऊन आणलेली ती एवढीशी नात या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती आणि प्रत्येक बाई तिच्या टाळूला नाक लावून "अगं बाई!" म्हणत होती. लेकीनं तिला साडूंच्या हातात दिलं. "बाबा, टाळूचा वास घ्या न. पाहा कसा येते!" मी सरसावून बसलो. आता तेल कोणत्या घाण्याचं, ओवा कोणत्या शेतातला, सगळं ऐकायला मिळणार होतं! साडू वाकले. नेहमीसारखा श्वास ओढला नाही. नुसते वाकूनच राहिले. मेव्हणीनं माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे पाहिलं. मग साडूंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि भरल्या घरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मले काहीच नाही येऊन राह्यलं वं, माय! तू सांग न... कसा येते?"