सुनेच्या वाट्याचं मोहाचं झाड

चिमूरच्या कोर्टात मध्यस्थीसाठी आम्हाला दिलेली खोली पूर्वी अडगळीची होती. एक टेबल, काही खुर्च्या आणि खडखड करणारा पंखा. मी वकिली करते, आणि नवरा-बायकोच्या बऱ्याच केसेस मध्यस्थ म्हणून माझ्याकडे येतात. दोघांना समोरासमोर बसवायचं, बोलू द्यायचं आणि जमलं तर घर वाचवायचं, एवढं ते काम. मध्यस्थानं शांत राहावं असं प्रशिक्षणात शिकवतात. माझा स्वभाव तापट, त्यामुळे शिकवलेलं सगळंच पाळलं जातं असं नाही.

त्या चैत्रात जंगलालगतच्या एका गावाची केस आली. बायको माहेरी जाऊन बसली होती, ती नांदायला यावी म्हणून नवऱ्यानं अर्ज केला होता. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. असली केस वाचली की मला ती सोपी वाटते, आणि असल्याच केसेस माझा घाम काढतात.

नवरा खुर्चीच्या टोकावर टेकला होता. काहीही विचारलं की म्हणायचा, "मी तं तिले काईच नाई म्हनलं, मॅडम." ते खरं असावं. हा माणूस कुणालाच काही म्हणत नसावा. बायको भिंतीकडे बघत बसली होती. सासू उशिरा आली. पहाटेपासून मोहफुलं वेचून ती तशीच निघाली होती, हातांना तो गोड आंबूस वास. आल्या आल्या बोलायचं सगळं काम तिनंच उचललं.

"विचारा तिले, उपाशी ठेवली का? कामाले जुपली का?"

"नाई," सून म्हणाली.

"मग जात का नाहीस?" मी विचारलं.

"नाई जात."

वेगळी चूल मांडून देतील म्हटलं, नको. नवरा स्वतः घ्यायला येईल म्हटलं, तेही नको. मला वाटलं, हिला घटस्फोट हवा आहे आणि तोंडानं म्हणवत नाही. मी मायलेकांना बाहेर बसवलं, तिला पाणी दिलं आणि सरळच विचारलं, "मोडायचं आहे का?"

तिचे डोळे भरले. "मोडाचं असतं तं मी इथी आली असती का?" मग म्हणाली, "त्याहिले विचारा, माह्या झाडाखाली आता कोन झाडते."

मी याच मुलखात वाढले म्हणून मला लगेच कळलं. तिच्या सासरी रीत अशी, की लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या उन्हाळ्यात सासू मोहाचं एक झाड दाखवते. हे तुझं. फुलं गळायच्या आधी सुनेनं झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख करायची, की साऱ्या गावाला कळतं झाड कुणाचं ते. त्या फुलांचा पैसा तिचा, तिला कुणी काही विचारत नाही. कायद्यानं बघितलं तर जमीन वनखात्याची, झाड ना सुनेचं ना सासूचं. पण त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

गेल्या वर्षी तिचं पोटातलं मूल गेलं, म्हणून ती आरामाला माहेरी गेली होती. परत आली तेव्हा फुलांचा हंगाम सुरू झालेला आणि तिच्या झाडाखाली तिची धाकटी जाऊ झाडत होती. सासूनं झाड धाकटीला देऊन टाकलं होतं. ही पिशवी खाली न ठेवता माघारी फिरली.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"त्याहिले दिसत नाई का?"

दिसत नव्हतं. मायलेकांना आत बोलावून मी झाडाचा विषय काढला तेव्हा तो तोंड उघडं टाकून आईकडे बघायला लागला. "झाडासाठी?" तो म्हणाला. माझा पारा चढला. "मूल गेलं तिचं," मी म्हटलं, "आणि घरी आली तर तिची जागाही दुसरीला दिलेली. एवढं तुला कळू नये?" मध्यस्थानं असं बोलू नये. मी बोलले.

सासू मात्र सुनेकडे वळून म्हणाली, "फूल थांबते का, पोरी? गळून राह्यलं होतं, हरनं खाऊन राह्यले होते. म्हनून धाकटीले म्हनलं, वेच." मग म्हणाली, "तुले विचारा लागत होतं. चुकलं माहं."

आता पंचाईत अशी, की झाड धाकटीकडून काढून घ्यावं तर तिच्यावर तोच अन्याय, न घ्यावं तर ही येणार नाही.

"माहं घे," सासूच म्हणाली. "नाल्यापाशचं. माह्या सासूनं देल्लं होतं मले. लय फुलते."

सुनेनं भिंतीवरची नजर काढून सासूकडे बघितलं. "नाल्यापाशचं? तिथी तं यंदा वाघीन फिरून राह्यली म्हन्ते. बाई, तुमच्या संग कोन येते?"

"कोन येनार? धाकटी तिच्या झाडाखाली असते. मी एकलीच जातो."

सून गर्रकन नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी? माय अंधारात नाल्यावर एकली जाते, अन् तुमी घोरून राह्यता?"

"मले कोनी म्हनलंच नाई," तो चाचरत म्हणाला.

"तुमाले सारं म्हनाच लागते!"

इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि आता माझ्यासमोर त्याला झाप झाप झापत होती. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी मध्ये पडले नाही. त्याची मान खाली जाऊन छातीला लागली, पण चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

त्याचं झाल्यावर ती सासूकडे वळली. "उद्या नका जाऊ तिथी," ती म्हणाली. "मी आज येतो. मंग दोघी जाऊ."